आधी पळायची जागा

मराठीत कुऱ्हाडीबद्दल कुणी चांगलं बोलल्याचं मला आठवत नाही. गोतास काळ होतो तो कुऱ्हाडीचा दांडा. आपणच आपलं नुकसान केलं की म्हणायचं, स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली. घरावर संकट आलं की कुऱ्हाड कोसळली. ग्रामविकासाच्या पंचसूत्रीतही नशाबंदीच्या शेजारी 'कुऱ्हाडबंदी' बसलेली असते. म्हणजे दारूची बाटली आणि कुऱ्हाड एकाच रांगेत!

त्यात चूक आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात राहिलेल्या माणसाने तर मुळीच म्हणू नये. सातपुड्याचे उघडे पडलेले डोंगर शहाद्याच्या गच्चीवरूनही दिसतात. पण गेल्या उन्हाळ्यापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. झाड तोडणं हे पाप आहे असं ठरवून टाकल्यामुळे झाड नीट कसं तोडावं हे शिकायचं, शिकवायचं आपण सोडूनच दिलं आहे का? कारण पाप म्हटलं तरी झाडं तोडावी लागतातच. वीज पडलेलं, आतून पोखरलेलं, घरावर कललेलं झाड कुणीतरी पाडतोच. आणि तो 'कुणीतरी' कोण, त्याला काय येतं, तो संध्याकाळी घरी धड जातो की नाही, याचा विचार आपण करत नाही.

निमित्त आमच्या परसातल्या चिंचेचं. घरच्या मंडळींना ती माहीतच आहे. आजोबांच्या आधीपासूनची. शहादा तालुक्यातल्या आमच्या गावी उन्हाळ्याच्या सुट्टीत जमलेल्या प्रत्येक भावंडाने तिच्या चिंचा फोडून बोटं काळी केली आहेत. गेली चारपाच वर्षं एक बाजू वाळत चालली होती. बुंध्याला हात आत जाईल एवढी ढोली झाली होती. आणि सगळा कल शेजारच्या नानांच्या गोठ्याकडे. पत्र्याचा गोठा, त्यात दोन म्हशी, आणि मधून गेलेली विजेची तार. एका वादळात मांडीएवढी फांदी नानांच्या दारात पडली. नाना काही बोलले नाहीत, पण आईच म्हणाली, "आता नाही ठेवता यायची. जित्राबावर नाहीतर पोरांवर पडली तर आयुष्यभर तोंड दाखवता यायचं नाही."

चिंच तोडायला परवानगी लागते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम 1964 सालचा. साग, आंबा, मोहा, खैर, जांभूळ, अंजन अशी झाडं त्याच्या यादीत आहेत, चिंचही आहे. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. आम्ही केला, परवानगी आली. कागद हातात घेतल्यावर माझ्या लक्षात आलं, की झाडाची जात विचारली, कारण विचारलं. तोडणार कोण आणि त्याला तोडता येतं का, हे कुणीच विचारलं नाही. घरात वायर ओढायची तर परवानाधारक वायरमन लागतो. चारपाच टनांचं झाड दोन घरांच्या मधे पाडायला काहीच लागत नाही.

आधी एक तरुण ठेकेदार बघून गेला. झाडाकडे दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "तासाभरात खाली. ट्रॅक्टरने ओढून घेऊ." भाव त्याचाच कमी होता. आईने मात्र धडगावकडच्या एका म्हाताऱ्या बाबांना निरोप धाडला. आबा होते तेव्हा गोठ्याच्या तुळयांसाठी लाकूड कापायला ते यायचे. सत्तरीच्या पुढचे, बारीक अंगाचे, सोबत पुतण्या आणि दोन गडी. पुतण्याच्या हातात पेट्रोलवर चालणारी करवत, बाबांच्या खांद्यावर कुऱ्हाड.

बाबांनी पहिला तासभर कुऱ्हाड उचललीच नाही. झाडाभोवती तीन फेऱ्या मारल्या. मग कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने बुंध्यावर ठोकत फिरले. टणक लाकडाचा आवाज खणखणीत येतो, पोकळीचा बद्द. जिथे बद्द वाजलं तिथे कोळशाने खूण केली. नानांच्या बाजूला निम्म्यापेक्षा जास्त बुंधा पोकळ निघाला. वर बघून वाळक्या फांद्या मोजल्या. झाड हललं की या फांद्या आधी सुटतात आणि सरळ खाली कापणाऱ्याच्या डोक्यावर येतात. जगभर लाकूडतोडे मरतात ते बरेचदा झाडाखाली नव्हे, अशा सुट्या फांदीखाली.

मग उंची. हा भाग मुलांना दाखवण्यासारखा आहे. आपल्या हाताच्या लांबीएवढी काठी घ्यायची, हात समोर ताठ धरून ती उभी पकडायची आणि मागे मागे जात राहायचं. काठीचं खालचं टोक बुंध्याशी आणि वरचं टोक शेंड्याशी जुळलं की थांबायचं. जमीन सपाट असेल तर तुमच्यापासून झाडापर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढीच झाडाची उंची. शाळेत समरूप त्रिकोण शिकताना हे कुणी सांगितलं असतं तर भूमिती जरा आवडली असती! बाबांनी काठीऐवजी कुऱ्हाडीचा दांडा धरला. धावड्याचा दांडा, हाताने गुळगुळीत झालेला. मी नंतर टेप लावली, 48 फूट. आमच्या विहिरीच्या अलीकडे रिकामी जागा होती 60 फुटांची. झाड तिकडेच जायला हवं होतं, म्हणजे त्याच्या कलाच्या जवळजवळ उलट.

बाबांनी त्या जागेत एक खुंटी ठोकली. "इथं शेंडा यायला पाहिजे." आणि मग पुतण्याला हाक मारून जे म्हणाले ते मी लिहूनच घेतलं.

"आधी पयाले जागा देख, मंग कुऱ्हाड उचल."

आधी पळायला जागा बघ. मराठीत 'पळवाट' हा शब्दही बदनामच, कामचुकारांसाठी आणि कायद्यातल्या भोकांसाठी राखलेला. इथे मात्र पळवाट हा कामाचा पहिला भाग होता. झाड जिकडे पडणार त्याच्या बरोबर उलट दिशेलाही पळायचं नसतं, कारण पडताना बुंधा उसळून मागे येऊ शकतो. तिरकं मागे जायचं, डावीकडे किंवा उजवीकडे. त्या दोन्ही वाटांवरचे दगड, वाळका पाला, आईची पडलेली कुंडी, सगळं पुतण्याने उचललं. बघ्यांना झाडाच्या दुप्पट उंचीइतकं लांब हाकललं. म्हशी सोडून दुसरीकडे बांधल्या. वीज मंडळाच्या माणसाला बोलावून तार आधीच बंद करून घेतली होती. हे सगळं होईस्तोवर दहा वाजले आणि गावातली पोरं कंटाळून घरी गेली.

खरं काम त्यानंतर. नानांच्या बाजूच्या फांद्या पहिल्यांदा उतरवल्या, एकेक, दोराला बांधून, दुसऱ्या बेचक्यातून दोर घेऊन हळूहळू खाली सोडत. त्यामुळे झाडाचं वजन विहिरीच्या बाजूला सरकलं. मग दोनतृतीयांश उंचीवर जाड नाडा बांधला. ट्रॅक्टर होता, पण तो झाडाच्या पडण्याच्या रेषेत उभा केला नाही. नाडा लांबच्या कडूनिंबाच्या बुंध्याला वळसा घालून बाजूला नेला आणि तिथे ट्रॅक्टर जोडला. ओढणारा ट्रॅक्टर समोर उभा असला आणि नाडा झाडाच्या उंचीपेक्षा आखूड असला, तर झाड ड्रायव्हरवरच येणार हे उघड आहे. सांगितल्यावर उघड आहे!

आता कापणं. माझी समजूत अशी की झाड एका बाजूने कापत गेलं की पडतं. तसं नसतं. ज्या बाजूला पाडायचं तिकडे आधी खाच घ्यायची, फोडलेल्या कलिंगडाच्या फोडीसारखी. खोली बुंध्याच्या जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढी. मग उलट बाजूने, खाचेच्या तळापेक्षा दोन बोटं वर, दुसरा काप. पण तो खाचेला भिडवायचा नाही. मधे लाकडाची एक पट्टी ठेवायची, जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी. ही पट्टी म्हणजे झाडाची बिजागरी. दार जसं बिजागरीवर फिरतं तसं झाड या पट्टीवर फिरून खाली येतं. पट्टी सारखी ठेवली तर झाड ठरल्या दिशेला जातं. एका बाजूला जास्त कापली गेली तर झाड वळतं. पूर्ण कापली तर झाड मोकळं सुटतं, मग ते कुठे जाईल ते देवालाही सांगता येत नाही. कापात पाचरी ठोकत जायच्या, म्हणजे झाड मागे बसून करवत चिमटत नाही.

खाच बरोबर दिशेला आहे का, हे बघायची बाबांची पद्धत मला फार आवडली. कुऱ्हाडीचं पातं त्यांनी खाचेच्या तळाला सपाट टेकवलं. दांडा जिकडे बघतो, तिकडे झाड जाणार. दांडा खुंटीच्या हातभर डावीकडे बघत होता. खाच पुन्हा थोडी तासली. आता दांडा थेट खुंटीकडे.

आमच्या चिंचेची अडचण अशी की बुंधा आतून पोकळ. बिजागरीला मधे लाकूडच नव्हतं, जे काय होतं ते दोन कडांना. शिवाय कललेलं आणि ताणलेलं लाकूड अर्धवट कापल्यावर उभं चिरत वर जातं आणि चिरफाळलेला भाग कापणाऱ्याच्या छातीवर किंवा तोंडावर येतो. म्हणून बाबांनी कापाच्या वर बुंध्याला बैलगाडीची साखळी दोन वेढे देऊन आवळली आणि तिच्यात पाचरी मारल्या. पुतण्याने मागचा काप घेतला. बाबा मशीनजवळ नव्हते, दोन पावलं बाजूला उभे राहून शेंड्याकडे बघत होते. अचानक त्यांनी हात वर केला. मशीन बंद. तेव्हा आम्हाला ऐकू आलं, बारीकसं कर्र... बुंधा हातभर चिरला आणि साखळीशी थांबला. ती साखळी नसती तर काय झालं असतं ते मी त्या पोराच्या चेहऱ्यावर वाचलं. बाबांनी ट्रॅक्टरला खूण केली, नाडा ताणला, दोघं तिरके मागे सरकले. 48 फुटांची चिंच आधी हळू, मग एकदम, विहिरीच्या अलीकडे आडवी झाली. शेंडा खुंटीपासून दोन हातांवर. गोठ्याच्या पत्र्याला पानसुद्धा लागलं नाही.

जेवताना मी विचारलं, हे शिकलात कुठे? उत्तर ऐकून मला आपल्याच जिल्ह्याचा इतिहास नव्याने कळला. बाबा ऐन विशीत जंगल कामगार सोसायटीच्या कुपावर होते. स्वातंत्र्याआधी जंगलतोड ठेकेदारांच्या हातात असायची आणि मजुरांची लूट ठरलेली. तेव्हाच्या पश्चिम खानदेशातले नवापूर पेठा, अक्राणी महाल आणि काठीसारख्या मेवासी संस्थानिकांची गावं इंग्रजी कायद्यात अंशतः वर्जित क्षेत्र म्हणून वेगळी काढलेली होती. बाळासाहेब खेरांच्या सरकारच्या काळात, 1947 पासून, ठेकेदारांऐवजी आदिवासी मजुरांच्या सहकारी संस्थांना कूप द्यायला सुरुवात झाली. बाबा त्या व्यवस्थेचे. वनखात्याचा माणूस हातोड्याने शिक्का मारून झाड दाखवायचा, मग ते तोडायचं. साग तोडायचा तर जमिनीलगत, चार बोटांपेक्षा उंच खुंट ठेवायचा नाही. कुऱ्हाड धारदारच हवी, साल फाटता कामा नये. आणि खुंटाचा माथा कासवाच्या पाठीसारखा गोल तासायचा, म्हणजे पावसाचं पाणी साठत नाही, खुंट कुजत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात त्यालाच फुटवे येतात. म्हणजे नीट तोडणं हा पुन्हा उगवण्याचाच भाग होता. नवा माणूस दोन हंगाम फक्त फांद्या साफ करायचा, मग दोन हाती करवतीचं एक टोक धरायचा, मोठं झाड त्याला तिसऱ्या वर्षी.

हे सगळं शिक्षण कुपाबरोबर संपत गेलं. 1988 च्या राष्ट्रीय वन धोरणाने जंगलाकडे महसुलाचं साधन म्हणून बघणं बंद केलं. 1996 मध्ये गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्ययोजनेशिवाय तोड करायची नाही असं बजावलं. जंगलासाठी हे हवंच होतं, यात मला शंका नाही. पण तिसऱ्या वर्षी मोठं झाड मिळणाऱ्या त्या शाळेत नवी पोरं येणंही त्याबरोबर कमी होत गेलं, आणि तिच्या जागी दुसरी शाळा आली नाही.

तिच्या जागी आली मशीन. जर्मनीत आंद्रेआस श्टीलने विजेवर चालणारी साखळी-करवत 1926 मध्ये केली, ती उचलायला दोन माणसं लागत. आज एका हातात मावेल अशी करवत ऑनलाइन दहा हजारांच्या आत घरी येते. चालवायची कशी हे सांगायला सोबत येतं ते इंग्रजी किंवा चिनी भाषेतलं पुस्तक. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत क्षणात उलटी उसळते, थेट मानेकडे. त्यासाठी चांगल्या यंत्रांना साखळी थांबवणारा ब्रेक असतो. मांड्यांसाठी खास पँट मिळते, तिच्यातले लांब धागे साखळीत गुंतून ती जागच्या जागी अडकवतात. बाबांच्या पुतण्याच्या पायात रबरी चप्पल होती. हेल्मेट नाही, कानाला काही नाही. तो पोरगा निष्काळजी नव्हता, हुशार होता. त्याला असं काही असतं हेच कुणी सांगितलेलं नव्हतं.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जंगलकामाच्या सुरक्षेची संहिता काढली ती 1998 मध्ये, नंदुरबार जिल्हा झाला त्याच वर्षी. आणि जिथे हेल्मेट, बूट, प्रशिक्षण सगळं असतं त्या अमेरिकेतही 2022 मध्ये दर लाख लाकूडतोड्यांमागे सुमारे 100 जण कामावर मेले, जेव्हा सगळ्या धंद्यांची मिळून सरासरी चारच्याही खाली होती. आपल्याकडे अशी बातमी पेपरात आलीच तर दोन ओळींची येते.

बाबांचा थोरला भाऊ असाच गेला, कुपावर. कापलेला साग दुसऱ्या झाडात अडकून राहिला होता. अडकलेलं झाड सगळ्यात वाईट, ते पडलेलंही नसतं आणि उभंही नसतं. भाऊ ते सोडवायला त्याच्या खाली गेला. बाबांनी हे सांगताना आवाज चढवला नाही की उतरवला नाही. एवढंच म्हणाले, "झाड सोताच सांगस. आपले आयकता येवाले पाहिजे." झाड स्वतःच सांगतं, आपल्याला ऐकता यायला हवं. मशीनच्या आवाजात ते ऐकू येत नाही, म्हणून ते स्वतः बाजूला उभे होते, पुतण्याचे कान म्हणून.

मी शहाद्याहून हेल्मेट, गॉगल, कानाची टोपणं आणि जाड बूट आणून पुतण्याला दिले. साखळीत गुंतणारी पँट मागवावी लागली, ती पुण्याहून पाठवली. उपकार म्हणून नाही, मजुरीचा भाग म्हणून, आणि बाबांना तसंच सांगितलं. बाबांनी पँट उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "दादा, उन्हाळ्यात पोरगा उकडून मरेल हिच्यात." मग थोड्या वेळाने, "पण घालेल."

मंडळी, तुमच्याही परसात, सोसायटीत, शेताच्या बांधावर कधीतरी असं झाड निघेल. तेव्हा भाव विचारण्याआधी तोडणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. झाड कुठे पडणार? तू कुठे पळणार? आणि ते मधेच अडकलं तर काय करणार? ज्याच्याकडे तिन्हींची उत्तरं आहेत त्याला दोन पैसे जास्त द्या. जो 'तासाभरात खाली' म्हणतो त्याला चहा पाजून परत पाठवा, त्याच्याच भल्यासाठी.

चिंचेच्या खुंटाला अजून फुटवे आलेले नाहीत. आई म्हणते, येतील. बाबांनी जाताना त्याचा माथा, जेवढं धड लाकूड होतं तेवढा, कासवाच्या पाठीसारखा गोल तासून दिला आहे. त्याचे पैसे ठरले नव्हते.